गिरणी चालू असताना

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी चिमट्यासारखं काहीतरी
गुडघ्यावर आपटून माझ्या कानासमोर धरलं.
काही नाही.
मग त्याचाच दांडा कानामागं हाडाला टेकवला
आणि डोक्याच्या अगदी मध्यावर
पितळेचं ताट पडून घुमत राहिलं.

म्हणाल्या, नस चांगली आहे तुमची.
आत तीन हाडं असतात, तिसरं रिकिबीसारखं,
त्याच्या बुडाशी नवं हाड साचलंय.
कॅन्सरबिन्सर नाही, घाबरू नका.
चांगलंच हाड. फक्त नको तिथं.

केवढं असतं ते तिसरं? मी विचारलं. तांदळाएवढं?
त्याहून लहान.
बाजरीएवढं?
बाई थांबल्या.
बाजरी त्यांनी कधी बोटावर घेऊन बघितली नसावी.

रिकीब मला माहीत नाही, घोडा वरातीतला तेवढा.
पण जाम होणं कळतं.
ओला शाळू कुणी गपचूप ओतला की
पीठ दगडाला धरतं, मोटर गुरगुरते,
पट्ट्याला जळका वास सुटतो
आणि दगड म्हणून हलत नाही.

सन्मतीच्या बाळंतपणानंतर लागलं हे.
आधी पाल चुकचुकायची राहिली.
मग दारात आलेली माणसं आपोआप
घरात उभी दिसायला लागली.
माझा स्वतःचा आवाज मात्र डोक्यात मावेना,
भाकरी चावली तर खडीवरनं ट्रॅक्टर गेल्यागत.
म्हणून हळू बोलायला लागले.
सासूबाई शेजारी सांगायच्या,
आमची रत्नप्रभा मवाळ झाली हो.

एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.
गिरणी सुरू झाली की मला ऐकू येतं.
दहा हॉर्सपॉवरची मोटर, पट्ट्याचा फटफटाट,
बायका जीव खाऊन ओरडतात एकमेकींच्या कानात,
आणि तो गोंगाट त्यांनाच आडवा येतो.
लगारेकाकूंच्या जावयानं काय विकलं,
कुणाच्या सुनेनं डबा आपटला,
पिठानं पांढरी होऊन मी सगळं घेते.

तसंच दसऱ्याला.
आमच्या कवठे एकंदला रात्रभर शोभेची दारू उडते,
पाहुणे कापसाचे बोळे घालून बसतात.
त्या एका रात्री भूपाल माझ्याशी वर्षाचं बोलून घेतात
आणि मी एकदाही 'काय?' म्हणत नाही.

लाईट गेली की संपलं.
पट्टा सुस्तावतो, बायका आवाज खाली आणतात,
उरतात नुसती हलणारी तोंडं.

ऑपरेशनचं बाई बोलल्या होत्या.
ती रिकीब काढायची, बारीक पिस्टन बसवायचा.
शंभरात एखादा कान कायमचा जातो, हेही बोलल्या.
सांगते, म्हणून मी उठले.
सुगी झाली, दिवाळी झाली, सांगितलं नाही.

परवा त्रिशला आली इस्लामपूरहून, पाचवा महिना.
घरी गप्प होती.
दुपारी गिरणीत हॉपरपाशी उभी राहिली,
गव्हात हात घालून, माझ्याकडं न बघता म्हणाली,
डाव्या कानाला फोन लावला की
माणूस दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं होतं गं.

मला ऐकू जाणार नाही म्हणूनच बोलली असेल.
शब्द न् शब्द आला.

मी खालचं पीठ चिमटीत घेऊन बघितलं.
जाड येत होतं.
चाक अर्धा आटा आवळलं.
पुन्हा बघितलं, तरी जाड.

सोमवारी मिरजेला जाऊ, म्हणाले.
आधी माझा कान. तू बाहेर बाकावर बसायचंस.

बहुतेक फार मोठ्यानं बोलले.
रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या,
त्रिशलाचा हात गव्हात तसाच राहिला,
आणि हॉपर मोकळा होऊन
दगडावर दगड घासायला लागलेला
कुणाच्याच ध्यानात आलं नाही.
तो आवाज मला नेहमीच येतो.